घोडा राहिला, स्वार गेला

मुंबईत फोर्टात जायचं तर टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ एवढंच सांगितलं तरी भागतं. १९६५ ते २०१७ या काळात तिथे घोडा नव्हताच, गाड्या उभ्या असायच्या. पण पत्ता बदलला नाही.

मूळ पुतळा होता ब्रिटिश युवराजाचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा. १८७५ साली तो मुंबईला येऊन गेला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराकडून हा अश्वारूढ पुतळा घडवून घेतला आणि शहराला भेट दिला. १८७९ मध्ये तो चौकात बसला. नाव युवराजाचं व्हायचं, पण लोकांनी लक्षात ठेवला तो काळाभोर घोडा. स्वातंत्र्यानंतर परकीय सत्तेच्या खुणा हलवल्या गेल्या, तेव्हा घोड्यासकट स्वारही भायखळ्याला राणीच्या बागेत गेला.

तिथे त्याला जुना सोबती मिळाला: घारापुरीचा दगडी हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. बागेत गेलात तर या दोघांसमोर थोडं थांबाच.

२०१७ मध्ये चौकात पुन्हा घोडा आला. आर्किटेक्ट अल्फाज मिलर यांची कल्पना, शिल्पकार श्रीहरी भोसले यांचं काम, उंची २५ फूट. पाठीवर कुणीही नाही! हा निर्णय अगदी योग्य होता. लोकांनी मनातून स्वाराला केव्हाच उतरवलं होतं.

पोलिसांच्या घोड्यांचीही अशीच ये-जा झाली. वाहनं वाढली तसं मुंबईचं घोडदळ १९३२ मध्ये बंद झालं. २०२० मध्ये ते पुन्हा उभं करण्यात आलं आणि प्रजासत्ताक दिनाला शिवाजी पार्कवर संचलनात उतरलं. गर्दीत त्याचा उपयोग खराच आहे: खोगिरावरच्या शिपायाला माणसांच्या डोक्यांवरून पलीकडचं दिसतं, आणि तो स्वतःही लांबून दिसतो.

पण ब्राँझच्या घोड्याला ऊन लागत नाही. जिवंत घोड्याला ढोल-फटाक्यांची सवय हळूहळू करावी लागते, रोज खरारा लागतो, वेळच्या वेळी नालबंद लागतो. घोड्यांच्या हालांमुळेच मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या. पोलिसी घोड्याला डांबरी रस्त्यावर उभं करायचं, तर त्याची सावली, पाणी आणि ड्युटीचे तास आधी ठरायला हवेत.