बिनतारी दिवे आणि व्यापाऱ्याची पत

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील दरबार हॉलमध्ये प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याची ताकद अजमावली, असे सांगतात. या आख्यायिकेतील व्यवहारज्ञान असे की, दिवा लावण्यापूर्वी त्याचा भार कोणावर पडणार आहे हे पाहावे. घरोघरी येऊ लागलेल्या बिनतारी दिव्यांविषयी लिहिताना आम्हांस तिचे स्मरण होते.

बिनतारी लहरी आपल्या देशास नव्या नाहीत. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरींच्या योगे दूरची घंटा वाजवून दाखविली होती. आता त्याच तत्त्वावर बल्ब आणि बटणे परस्परांशी जोडली जातात. याचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. वायफायचा बल्ब घरातील राउटरशी थेट बोलतो. झिग्बी पद्धतीत मात्र, जिचे नाव मधमाश्यांच्या नृत्यावरून पडले, विजेवर चालणारा प्रत्येक बल्ब आलेला निरोप पुढच्या बल्बाकडे पोहोचवितो. लष्कर भागातील जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींतून राउटरच्या लहरी माजघरापर्यंत क्षीण होत जातात. तेथे ही साखळी उपयोगी पडते.

तथापि घरातील वडीलधारी मंडळी खोलीतून निघताना भिंतीवरचे बटण बंद करतात. वीज तुटली की तो बल्ब निरोप्याचे काम सोडतो आणि पलीकडचा दिवाही कधी कधी मुका होतो. हा दोष वडिलांच्या काटकसरीचा नव्हे, योजनेचा आहे. म्हणून बल्ब साधाच ठेवून स्विचबोर्डातच बिनतारी उपकरण बसवावे, हे आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते. मग दिवा हातानेही लागतो आणि फोननेही. अशा बहुतेक उपकरणांस बोर्डात न्यूट्रल तार लागते. ती आहे की नाही, हे वायरमनकडून आधी पाहून घ्यावे.

दुसरा भार याहून मोठा आहे. कित्येक दिव्यांचा हुकूम फोनमधून निघून प्रथम दूरदेशीच्या कंपनीच्या संगणकाकडे जातो व तेथून घरात परततो. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीचे संगणक पूर्वसूचनेवाचून बंद पडले. भिंतीवरची बटणे चालू राहिली, परंतु फोनवरून दिवे लावणे थांबले. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकात घरातला हुकूम घरातल्या घरातच फिरावा, अशी योजना आहे.

आमच्या ज्या सभासद बंधूंचा विजेच्या सामानाचा व्यापार आहे, त्यांना आमची एक विनंती आहे. ग्राहकासमोर राउटर चालू ठेवून केवळ बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढावी, आणि दिवा लागतो का ते दाखवावे. लागत नसेल, तर तसे स्पष्ट सांगूनच माल द्यावा. तत्त्वार्थसूत्रात खोटी मापे आणि बनावट माल यांची गणना अचौर्यव्रताच्या अतिचारांत केली आहे. मालातील उणीव झाकणे त्याहून फार दूरचे नाही. बिल फाडले की विक्री संपते, परंतु ग्राहकाच्या घरी त्यानंतर अनेक संध्याकाळी दिवा लागावयाचा असतो. त्या प्रत्येक संध्याकाळी आपल्या पेढीची पत पणास लागलेली असते.

जय जिनेंद्र.