पोटाचा घेर आणि डोक्यातली आठवण

आपल्या वस्त्यांत सुटलेल्या पोटाला कुणी आजार म्हणत नाही. 'खात्यापित्या घरचा दिसतो' असं कौतुकानं म्हटलं जातं. ते साहजिकही आहे. ज्यांच्या आजी-आजोबांनी उपाशी दिवस काढले, त्यांना भरलेलं अंग समाधान देतं. पण हे पोट शुगर आणि बीपी वाढवतं, तसं मेंदूलाही त्रास देतं, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

आपल्या मेंदूत रक्षण करणाऱ्या खास पेशी असतात. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. १९१९ साली स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी त्यांची वेगळी ओळख पटवली. जंतूंवर पहारा ठेवणं आणि मेलेल्या पेशी उचलणं, ही दोन्ही कामं त्या करतात.

पोटाच्या आतली चरबी नुसती पडून राहत नाही. ती सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. ही सूज दिसत नाही, दुखत नाही, पण वर्षानुवर्षं धुमसत राहते. तिचा परिणाम मेंदूपर्यंत गेला की मायक्रोग्लिया बिथरतात. २०१८ साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. लठ्ठ उंदरांत या पेशी मेंदूतल्या चांगल्या जोडण्याही खाऊ लागल्या आणि उंदरांची आठवण घसरली. पेशींचं हे खाणं रोखलं, तेव्हा आठवण टिकली.

उंदीर आणि माणूस सारखे नाहीत, हे खरं. पण २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यांत लठ्ठपणा, मधुमेह, बीपी आणि व्यायामाचा अभाव आहे. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजारानं ग्रासले आहेत.

मग काय करायचं? आधी टेप घ्या. बेंबीजवळ कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर सावध व्हा. महिन्याला घरात किती तेल लागतं ते लिहून ठेवा आणि हळूहळू कमी करा. रोजचा तर्री-पोहा, आलूबोंडा आठवड्यातून एकदाच ठेवा. ज्वारीची भाकर, वरण, अंबाडी-चिवळीची भाजी आपल्या ओळखीचीच आहे, महागही नाही. रोज अर्धा तास भरभर चाला. बायांनी मैत्रिणींना सोबत घ्यावं, म्हणजे खंड पडत नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या मनानं बंद करू नका.

घरात कुणी तेच ते विचारत असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, तर 'म्हातारपण आहे' म्हणून सोडून देऊ नका. मेडिकल किंवा मेयोत दाखवा. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडमुळेही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत.

जाड माणसाला हसू नका, त्यानं वजन कमी होत नाही. त्याच्यासोबत चालायला निघा.