आजारी सशाला लस टोचावी काय?

इंग्लंडात जाऊन स्थायिक झालेली आपल्या गोव्याकडची कुटुंबे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. एकट्या स्विंडन शहरातच गोवेकरांची मोठी वस्ती आहे. तेथील मुले शाळासोबत्यांचे पाहून ससा हवा म्हणून हट्ट धरतात आणि आईबापही लवकर कबूल होतात. कारण ससा भुंकत नाही, फार जागा मागत नाही, आणि घरादाराला लळा मात्र लावतो. पुढे वर्षातून एकदा त्याला लस टोचून घेण्याची वेळ येते. ससा धडधाकट असला तर प्रश्नच मिटला. पण तो दुखणेकरी असला, म्हणजे घरात दोन पक्ष पडतात. आई म्हणते, "आधीच अर्धमेला झालेला जीव, त्याला आणखी सुई कशाला?" वडील म्हणतात, "दरसाल टोचतोच ना, यंदाही टोचून टाकू." आणि मुले रडवेली होऊन गावच्या आजीला फोन लावतात. आजीने सल्ला द्यावा तरी कोणता? या प्रश्नाचा नीट विचार करण्याचे आम्ही आज योजिले आहे.

प्रथम एक खुलासा. आपल्या माळावर आणि रानात दिसणारा ससा निराळा, आणि विलायतेत पाळतात तो निराळा. हा दुसरा मूळचा स्पेन व फ्रान्सकडील, जमिनीत बिळे करून राहणारा. जगातील सारे पाळीव ससे त्याचेच वंशज होत. पुढे ज्या दोन रोगांची हकीकत येते, ते मुख्यतः याच जातीचे वैरी आहेत. माणसाला ते होत नाहीत.

दोन वैरी

पहिल्या रोगाचे नाव मिक्झोमॅटोसिस. १८९६ साली जुझेप्पे सानारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतील मोंटेव्हिडिओ येथे तो प्रथम ओळखला. त्याच्या प्रयोगशाळेतील विलायती ससे पटापट मेले. तिकडच्या रानटी सशांना हाच रोग एखाद्या क्षुल्लक गाठीपलीकडे त्रास देत नाही. ऑस्ट्रेलियात सशांनी शेते फस्त केली, तेव्हा त्यांचा नायनाट करण्यासाठी १९५० साली हाच रोग तेथे मुद्दाम सोडण्यात आला आणि डासांनी तो दूरवर नेला.

युरोपातील गोष्ट याहून चमत्कारिक आहे. आर्मां-देलील नावाचे एक वृद्ध फ्रेंच डॉक्टर आपल्या मायब्वा येथील मळ्यातील सशांना कंटाळले होते. १९५२ च्या जूनमध्ये त्यांनी दोन सशांना हा रोग टोचून मळ्यात सोडले. भोवती कुंपण होते, त्यामुळे रोग आतच राहील अशी त्यांची समजूत होती. पण पिसवांना आणि डासांना कुंपण कसले? रोग देशभर पसरला, पाळीव सशांची खुराडी ओस पडली, आणि १९५३ साली तो समुद्र ओलांडून इंग्लंडच्या केंट परगण्यात पोहोचला. थोड्याच वर्षांत तेथील बहुतेक रानससे नाहीसे झाले. या रोगात डोळे व नाक सुजून बंद होतात, ससा आंधळा होतो, खाणे सुटते आणि बहुधा पंधरवड्याच्या आत तो मरतो. हे मरण पाहणाऱ्यालाही सोसवत नाही.

दुसरा रोग सशांचा रक्तस्रावी ज्वर. तो १९८४ साली चीनमध्ये प्रथम आढळला आणि काही वर्षांतच युरोपात आला. याचा विषाणू यकृतावर घाला घालतो. सायंकाळी पाला खाणारा ससा सकाळी मेलेला आढळतो. कित्येकदा एकही लक्षण दिसत नाही. २०१० साली फ्रान्समध्ये या रोगाचा दुसरा प्रकार उद्भवला. पहिला प्रकार लहान पिलांना सहसा सोडून देत असे, हा त्यांनाही सोडत नाही. हा विषाणू इतका चिवट की कपड्यांवर, बुटांच्या तळव्यांवर, वाळक्या गवतात तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. म्हणून "आमचा ससा घराबाहेर पडतच नाही" हे सांगणे पुरेसे नाही. ससा बाहेर जात नसेल, पण बाहेरचे पाय घरात येतातच.

दोन्ही रोगांवर खात्रीचे औषध नाही. जे काही करावयाचे ते आधीच करावयाचे, आणि ते म्हणजे लस.

लस म्हणजे काय

पूर्वी या दोन रोगांच्या लसी वेगवेगळ्या असत. २०१९ साली युरोपात मान्यता मिळालेली लस एकाच सुईत मिक्झोमॅटोसिस आणि रक्तस्रावी ज्वराचे दोन्ही प्रकार यांपासून रक्षण करते. ती पाच आठवड्यांच्या पिलापासून पुढे देता येते, टोचल्यावर तीन आठवड्यांनी तिचे बळ येते आणि ते वर्षभर टिकते. तिच्यात मिक्झोमॅटोसिसचा दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. याखेरीज केवळ रक्तस्रावी ज्वरासाठी मृत विषाणूची लसही मिळते.

बहुतेक सशांना लसीचा त्रास होत नाही. काहींना किंचित ताप येतो, टोचल्या जागी लहानशी गाठ येते आणि ती आपोआप जिरते. तीव्र प्रतिक्रिया क्वचितच उठते. तथापि, निरोगी सशालाच लस टोचावी असे लस बनविणारेच लिहून ठेवतात. आईचे भय येथूनच सुरू होते, आणि ते अगदीच निराधार नाही. प्रश्न एवढाच की निरोगी म्हणजे कोण?

आजार आणि आजार यांत भेद

आमच्या मते सारा घोळ 'आजारी' या एकाच शब्दामुळे होतो. या शब्दात तीन निरनिराळ्या अवस्था कोंबलेल्या असतात.

पहिली अवस्था ताज्या दुखण्याची. ससा खात नाही, लेंड्या टाकत नाही, अंगात ताप आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा मान एकाएकी वाकडी होऊन तोल जात आहे. अशा वेळी लस टोचू नये. आधी दुखणे आवरावे. ससा अर्धा दिवस काही खाईनासा झाला तर तेवढ्यानेच त्याचा जीव धोक्यात येतो, तेव्हा त्याला त्वरित पशुवैद्याकडे न्यावे. लसीची गोष्ट नंतर.

दुसरी अवस्था जुन्या पण आटोक्यात असलेल्या दुखण्याची. सशाचे दात जन्मभर वाढतात; कित्येकांच्या दाढा दर काही आठवड्यांनी घासून घ्याव्या लागतात. कोणाला जुनी सर्दी असते, कोणाचे सांधे धरलेले असतात, कोणाची मान आजार बरा झाल्यावरही वाकडीच राहते. पण असा ससा खातो, पितो, त्याचे वजन टिकून असते. त्याला 'आजारी' म्हणून लसीपासून वंचित ठेवणे उचित नव्हे. पशुवैद्य तपासून बहुधा लस देण्याच्याच बाजूचे असतात, आणि त्याला कारणही आहे. धडधाकट सशाला जो रोग झेपत नाही, तो दुबळ्याला कसा झेपणार? शिवाय दाढा घासण्यासाठी वारंवार दवाखान्यात जाणारा ससा, जेथे इतर आजारी ससे येतात तेथेच अधिक वेळा जातो.

तिसरी अवस्था अशा सशाची, की ज्याची प्रतिकारशक्तीच खचली आहे. स्टिरॉइडसारखी औषधे चालू आहेत, किंवा म्हातारपणाने व असाध्य रोगाने त्याचे थोडेच दिवस उरले आहेत. येथे लस अंगी लागेलच असे नाही, आणि तिचे ओझे मात्र पडेल. येथे 'नको' हे उत्तरही योग्य ठरू शकते.

डॉक्टरांस काय विचारावे

दवाखान्यात गेल्यावर पुढील प्रश्न संकोच न करता विचारावेत. आमच्या सशाची अवस्था या तिघांपैकी कोणती? चालू औषधांपैकी कोणते लसीच्या आड येते? आज नको, तर कोणत्या तारखेस आणावे? जिवंत विषाणूची लस त्याला सोसणार नसेल, तर मृत विषाणूची तरी द्यावी काय? आमच्या भागात सध्या रोग आहे काय? पूर्वी कोणती लस टोचली होती त्याचा कागदही बरोबर न्यावा. कारण पूर्वी मिक्झोमॅटोसिस होऊन गेलेल्या किंवा त्याची निराळी लस घेतलेल्या सशाला एकत्रित लसीतून रक्तस्रावी ज्वराविरुद्ध पुरेसे बळ न येण्याचा संभव असतो.

लस टोचून आणल्यावर दोन दिवस त्याचे खाणे आणि लेंड्या यांवर नजर ठेवावी. प्रवासाच्या धास्तीनेही ससा खाणे सोडतो. म्हणून पिंजऱ्यात ओळखीचे गवत ठेवावे, आणि त्याचा जोडीदार असेल तर त्यालाही सोबत न्यावे.

लस देता न आली तर

तर त्याच्याभोवती कुंपण घालावे. आणि फ्रेंच डॉक्टरांचे कुंपण जेथे फसले, तेथेच नेमके आपले पक्के असावे. पिंजऱ्याला मच्छरदाणीची बारीक जाळी लावावी. घरातील कुत्र्यामांजराच्या पिसवांचा बंदोबस्त करावा. मात्र कुत्र्यासाठी असलेले फिप्रोनिल हे औषध सशाला लावू नये, ते त्याला विषारी ठरते. बाहेरचे बूट दाराशीच काढावेत. रानससे फिरतात त्या कुरणातील गवत आणू नये. घरात दुसरा ससा असून तो निरोगी असेल, तर त्याला अवश्य लस टोचून घ्यावी.

एक गोष्ट मात्र करू नये. "पाहू पुढच्या महिन्यात" म्हणून विषय टाळीत राहू नये. लस न देण्याचा निर्णय विचारांती घेतला तर तो निर्णय होय. पण टाळाटाळ करताना तोच निर्णय आपण न कळत घेतो, आणि जाळी व बूट यांची काळजीही मग कोणी घेत नाही. डॉक्टरांनी थांबा म्हटले तर दिनदर्शिकेवर पुढची तारीख लिहावी, आणि ती मुलांच्या हातून लिहून घ्यावी. मुलांना निर्णयाचे कारण समजावून सांगावे. आपल्या हाती सोपविलेल्या मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते पाहून, विचारून, ठरवून आपल्यालाच सांभाळावे लागते. हे ज्या मुलाला सशापासून उमगले, ते पुढे घरातील दुखणाईतालाही अंतर देणार नाही.

आजींना फोन आला तर त्यांनी एवढेच विचारावे: "ससा आज जेवला काय, आणि डॉक्टरांनी तारीख कोणती दिली?"