सुगंधाची ढाल

सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. झोपमोड करणारा हा क्षुद्र कीटक रोगाचा वाहकही आहे, असे त्यावरून दिसून आले. डासांपासून अंग राखणे म्हणजे आरोग्य राखणे होय.

माणसाला चावते ती डासाची मादीच. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील पौष्टिक द्रव्य लागते. काळोखातही ती माणसाला अचूक हुडकते. कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वायू, घामाचा गंध आणि अंगाची ऊब तिला वाट दाखवितात. डोक्यावरील मिशांसारखे दोन अवयव हेच तिचे मुख्य नाक!

या नाकाची दिशाभूल करण्याचे सामर्थ्य काही वनस्पतींच्या तेलांत असते. गवती चहाच्या जातीचे सिट्रोनेला नावाचे गवत आहे. त्याची पाने मोठ्या पात्रात भरून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल बाहेर पडते आणि वाफ थंड झाली, की ते पाण्यावर तरंगू लागते. अंगाला लावलेल्या या तेलाने डास मरत नाहीत. त्याचा गंध त्यांना नकोसा होतो व ते दूर राहतात.

परंतु या तेलाचा जो गुण, तोच त्याचा दोष. ते हवेत उडते, म्हणून त्याचा गंध दरवळतो. आणि ते उडून गेले, की संरक्षणही संपते. तास-दोन तासांहून अधिक काळ ते क्वचितच पुरते. शिवाय निव्वळ तेलाने कातडीची आग होण्याचा संभव असतो. म्हणून ते खोबरेल तेलात थोड्या प्रमाणात मिसळून लावतात. लिंबाच्या वासाच्या निलगिरीच्या तेलावर प्रक्रिया करून मिळविलेले द्रव्य मात्र सावकाश उडते. त्यामुळे त्याचा परिणाम काही तास टिकतो. लहान बालकांना असली तेले वैद्यकीय सल्ल्यावाचून लावू नयेत.

तेल एका माणसाचे रक्षण करते, आणि तेही काही काळच. त्याच्यापासून दूर गेलेला डास शेजाऱ्याला चावतो आणि पिंपात, जुन्या टायरात किंवा कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यावर अंडी घालतो. उन्हाळी हवेत सुमारे आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास बाहेर पडतात. यासाठीच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून पाण्याची भांडी रिकामी करावी, घासावी व वाळवावी. सुगंधाची ढाल एकट्याची असते. कोरडे अंगण साऱ्या आळीचे रक्षण करते.