माळ्यावरच्या तबकड्या खाली उतरविताना

मंडळी, आम्ही गवई नव्हे आणि यंत्रशाळेत शिकलेलेही नव्हे. कामगारांची सभा म्हटली की आधी ध्वनिक्षेपक लावावा लागे. त्या तारा जोडता जोडता हाती आली तेवढीच आमची विद्या. तरीही या विषयावर लिहावयास बसलो, त्यास कारण घडले.

आमच्या सावर्ड्याच्या एका वाडीतील वृद्ध काकांनी आम्हांस घरी बोलावले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील कितीतरी जण पुन्हा गिरणीचे दार न पाहता कोकणात परतले. काका त्यांपैकीच. येताना आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत तीसेक तबकड्या होत्या. नातवाने हौसेने जुन्या बाजारातून चावीचा फोनो आणला आणि त्यावर काकांची आवडती लाँग प्ले लावली. आवाज किरटा निघाला, म्हणून पुन्हा पुन्हा लावून पाहिली. तोवर तबकडी घासून करडी पडली होती. काका एवढेच म्हणाले, "संपात गेलं त्याचं रडू नाय आलं, ह्याचं आलं." पोराचा दोष नव्हता. त्यास कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिली गोष्ट, तबकड्यांच्या जाती दोन. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, हातास जड लागते आणि पडली की कौलासारखी फुटते. ती लाखेची असते. पळस, कुसुम, बोर या झाडांवर किडे जी लाख करतात तीच ही, दगडाच्या भुकटीत मिसळलेली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावतात. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित झाले ते याच मापात, आणि अब्दुल करीम खाँसारख्या गवयांनीही आपला राग याच मापात बसविला. दुसरी जात व्हिनाइलची. ती लवचिक असते. लाँग प्ले १९४८ साली अमेरिकेत आली. तिचे फेरे ३३⅓. एका बाजूस वीस मिनिटे सहज चालते. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली.

दुसरी गोष्ट सुईची. चावीच्या फोनोचा साउंडबॉक्स जड, सुई पोलादी. लाखेतील दगडाच्या भुकटीने ती सुई झिजावी आणि तबकडी वाचावी, अशी योजना. म्हणूनच दर बाजूस नवी सुई घालावयाची. लाँग प्लेची रेघ त्याहून पुष्कळ बारीक, आणि तिची सुई बहुधा हिऱ्याची. तेथे सुई झिजण्याआधी तबकडीच झिजते. म्हणून टर्नटेबलवर सुईचा भार थोड्याच ग्रॅमचा असतो: चुंबकी कार्ट्रिजला साधारण दीड ते अडीच, जुन्या सिरॅमिकला तीन ते पाच. सोनाराकडे असतो तसा लहान काटा घेऊन तो मोजावा. लाखेच्या तबकडीस जाड सुई निराळी लागते. लाँग प्लेची सुई तिच्या रुंद रेघेत तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते.

आता यंत्र घेताना. भाव करण्यापूर्वी विचारा, "याची सुई आज मिळते काय?" न मिळाल्यास ते यंत्र शोभेचे. मग मागची पाटी वाचा. परदेशातील नातलगाने अमेरिकेहून आणलेले यंत्र १२० व्होल्ट आणि ६० सायकलचे असते; आपली वीज २३० व्होल्ट, ५० सायकलची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवितो, सायकल बदलीत नाही. मोटर सायकलवर चालणारी असेल तर सहा फेऱ्यांच्या जागी पाचच होतील आणि गायक झोपेत गातो आहे असे वाटेल. त्यानंतर पट्टा किंवा रबरी चाक पाहा. आमच्या हवेत रबर कडक होते, चिकटते. चुंबकी कार्ट्रिज असेल तर अँप्लिफायरला 'फोनो' खाच हवी, नाहीतर वेगळा प्रीअँप. वायर जुनी असेल तर आधी वायरमनला दाखवा.

वेग तपासावयास यंत्र नको. थाळीवर कागदाची खूण चिकटवा आणि घड्याळ लावून मोजा. ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे झाले पाहिजेत.

राहिली सफाई. शुद्ध केलेले पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडके. पुसणे रेघेच्या दिशेने, मधली चिठ्ठी कोरडी ठेवून. स्पिरिट मात्र लाखेच्या तबकडीस कधीही लावू नये. सुतार लाख स्पिरिटात विरघळवूनच पॉलिश करतो, हे आठवावे. पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून तबकड्या कागदी पाकिटात, उभ्या, भिंतीपासून दूर ठेवाव्यात. आणि पाऊस सरल्यावर कोकमे वाळत घालतो तशा उन्हात मांडू नयेत. आमच्याच घरी एका लाँग प्लेचा असा पापड झाला आहे.

शेवटी एक सूचना. प्रत्येकाने यंत्र घेण्याची गरज नाही. गावच्या वाचनालयात एक नीट लावलेले टर्नटेबल ठेवावे, दोन सुयांसह. ज्याच्या माळ्यावर ट्रंक आहे त्याने ती आणावी. तबकडीवरील गायकाचे नाव, छाप आणि क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, गाणे एकदा संगणकावर भरून घ्यावे, मग तबकडी घरी न्यावी. जुन्या तबकड्यांचा असा सांभाळ करणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स मुंबईत १९९० साली निघालीच आहे; गावांनी मागे का राहावे? गिरणीत काकांनी विणलेले कापड कोणाचे झाले ते त्यांस ठाऊक नाही. पगारातून घेतलेली ही तबकडी तेवढी त्यांची राहिली. उरलेल्या एकोणतीस तरी नीट वाजल्या पाहिजेत.