विजेची शिदोरी

डोंगरयात्रेस निघणाऱ्याच्या पिशवींत पूर्वीं भाकरी, चटणी, पाणी आणि एक टॉर्च एवढें असलें म्हणजे झालें. आतां त्यांत विजेच्या शिदोरीची भर पडली आहे. नकाशा, होकायंत्र, कॅमेरा, दिवा आणि घरच्यांशीं बोलण्याचें साधन हीं सारीं एका मोबाईलांत येऊन बसलीं, ही सोय खरी. परंतु तो एक विझला कीं पांचहि एकदम विझतात, हें आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

गेल्या भाद्रपदांत माझा पुतण्या चार मित्रांसह हरिश्चंद्रगडावर गेला होता. खिरेश्वराहून तोलार खिंडीनें चढावें, गडावरील लेण्यांत मुक्काम करावा व दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत उतरावें, असा बेत. रात्रीचे आठ वाजले तरी निरोप नाहीं. वहिनींनीं ताट झांकून ठेवलें होतें. दर पांच मिनिटांनीं त्या फोन लावीत आणि पलीकडून तेंच यांत्रिक उत्तर येई. साडेदहाला एका अनोळखी नंबरावरून त्याचा आवाज आला, "आई, आम्ही सुखरूप आहोंत." माथ्यावरील धुक्यांत वाट चुकली होती, एकाचा पाय मुरगळला होता, आणि पांचांपैकीं एकाच्याहि मोबाईलांत जीव उरला नव्हता. शेवटीं खालच्या गांवांतील एका गृहस्थांनीं आपला फोन दिला.

"अरे, पॉवर बँक नेली नव्हतीस का?" मीं दुसऱ्या दिवशीं विचारलें.

"नेली होती, काका. पण ती पहिल्याच रात्रीं संपली."

ती संपली कशी, ह्याचा हिशेब आम्ही दोघांनीं बसून मांडला. इतरांसहि तो उपयोगीं पडावा म्हणून येथें देतों.

पॉवर बँकेवर १०,००० मिलिअँपिअर-अवर असा आंकडा होता, मोबाईलच्या बॅटरीचा ५,०००. तेव्हां दोन मोबाईल पूर्ण भरतील, असें त्रैराशिक मुलांनीं मांडलें. परंतु तो आंकडा आंतील ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. म्हणजे एकंदर सांठा ३७ वॉट-अवर. वीज बाहेर देतांना हा दाब ५ व्होल्टांपर्यंत चढवावा लागतो, मोबाईलांत शिरतांना तो पुनः उतरवावा लागतो, आणि ह्या चढउतारांत कांहीं अंश उष्णतेच्या रूपानें वायां जातो. सुमारें १९ वॉट-अवरचा मोबाईल सव्वा ते दीड वेळां भरला तर पुष्कळ. पांच जणांत वांटणी केली तर प्रत्येकाच्या वांट्यास पाव हिस्सा!

दुसरी गळती डोळ्यांस न दिसणारी. दरीखोऱ्यांत रेंज क्षीण झाली कीं मोबाईल सारखा टॉवर शोधीत राहतो व अधिक जोरानें संदेश पाठवूं लागतो. हातही न लावतां बॅटरी उतरते ती ह्यामुळें. म्हणून चालतांना एअरप्लेन मोड लावून ठेवावा. जीपीएस उपग्रहांचे संदेश केवळ ग्रहण करतें. त्यामुळें बहुतेक मोबाईलांत तें तेव्हांहि चालतें. मात्र नकाशा घरूनच उतरवून घेतलेला असावा.

सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सोलर पॅनेलवर फार विसंबूं नये. त्यावर छापलेली शक्ति स्वच्छ, प्रखर उन्हांत मोजलेली असते. श्रावण-भाद्रपदाच्या ढगांत, किंवा पाठीवर बांधून चालतांना, तिचा थोडाच भाग हातीं लागतो. हिवाळ्यांतील लांब मुक्कामांत पॅनेल उन्हाकडे नीट वळवून त्यानें पॉवर बँक भरावी. बँक मात्र सावलींत ठेवावी, कारण उष्णतेनें लिथियम बॅटरीचें आयुष्य घटतें. हिमालयांत ह्याच्या उलट काळजी. थंडीनें बॅटरीची ताकद तात्पुरती मंदावते. म्हणून रात्रीं ती स्लीपिंग बॅगेंत अंगाशीं घेऊन निजावें. शून्य अंशाखालीं मात्र ती भरूं नये. आंत धातुरूप लिथियमचा थर बसून तिला कायमची इजा होते.

सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटीं सांगतों. पांच जण निघाले तर एक मोबाईल पूर्ण भरून, बंद करून, प्लॅस्टिकच्या पिशवींत ठेवावा. तो कोणा एकाचा नव्हे, संकटाचा. ११२ क्रमांकासाठीं आणि घरच्या निरोपासाठीं. हेडटॉर्च व तिचे जादा सेल निराळे असावेत. कोठून रेंज मिळणार नाहीं व किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास कोणाला फोन करावा, हेंहि घरीं लिहून ठेवावें. म्हणजे मुलांच्या मौनाचा अर्थ लावीत आईला रात्र काढावी लागत नाहीं.

मार्गशीर्षांत मुलें राजगडावर गेलीं. परतल्यावर पुतण्यानें तो राखीव मोबाईल न उघडतांच माझ्यापुढें ठेवला. वहिनी म्हणाल्या, "प्रवासाला एक भाकरी जास्तच बांधावी. खाल्ली गेली नाहीं, तर परत आली म्हणून कोणी रडत नाहीं."