पशुपतिनाथाच्या वाटेवर : गाडी की विमान?

ताथवडे, पुनावळे, वाकड या परिसरातील अनेक घरांत काशी-रामेश्वर झालेल्या ज्येष्ठांना पुढची ओढ असते ती नेपाळची. कुणाला पशुपतिनाथाचे दर्शन घ्यायचे असते, कुणाला लुंबिनीला जायचे असते, तर कुणाच्या मनात मुक्तिनाथ असतो. बेत ठरू लागला की घरात दोन पक्ष पडतात. मुले म्हणतात, विमानाने जा. आई-वडील म्हणतात, मंडळींबरोबर रेल्वेने गोरखपूरपर्यंत आणि पुढे बसने जाऊ. खर्चही कमी आणि सोबतही मोठी. दोन्ही बाजूंचा हिशेब बहुधा भाड्याभोवती फिरतो. वयाची पासष्टी ओलांडलेल्या प्रवाशाच्या बाबतीत मात्र पहिला हिशेब शरीराचा असावा, आणि तो संपूर्ण प्रवासाचा एकदम न करता टप्प्याटप्प्याने करावा.

या हिशेबाचे मोल आपल्याला माहीत आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखराहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली आणि २७ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक जळगाव जिल्ह्यातील वरणगाव-भुसावळ परिसरातील होते. खानदेशातून येऊन पिंपरी-चिंचवडमध्ये स्थिरावलेली कुटुंबे थोडी नाहीत; ती बातमी येथील अनेक घरांत आप्तांच्या बातमीसारखी आली. त्याआधी २९ मे २०२२ रोजी पोखराहून जोमसोमला निघालेले छोटे विमान डोंगरात कोसळून त्यातील सर्व २२ जण दगावले; त्यांत ठाण्यातील एका कुटुंबातील चौघे होते. म्हणजे केवळ ‘विमान’ म्हटले की निर्धास्त व्हावे आणि ‘रस्ता’ म्हटले की घाबरावे, असे नाही. कोणता रस्ता, कोणत्या ऋतूत, दिवसा की रात्री. कोणते विमान, किती उंचीवर, कोणत्या प्रकृतीचा प्रवासी, हे सुटे सुटे पाहावे लागते.

बसण्याचे तास मोजा

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. हा धोका विमानापुरता मर्यादित नाही. मोटार, बस आणि रेल्वे यांनाही तो लागू आहे. निरोगी माणसात तो मुळात अल्प असतो. परंतु स्थूलता, कर्करोग, नुकतीच झालेली गुडघा किंवा खुब्याची शस्त्रक्रिया, पूर्वी कधी झालेली गुठळी या कारणांनी तो वाढतो.

आता वाटेचा विचार करू. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर गाठण्यास एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. तेथून सुनौलीची सीमा सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि सीमेपासून काठमांडू आणखी पावणेतीनशे किलोमीटर. भैरहवा, बुटवल, नारायणगढपर्यंतचा बराचसा भाग तराईचा, सपाट आहे. नारायणगढनंतर मुगलिंगमार्गे त्रिशूली नदीच्या काठाने घाटरस्ता सुरू होतो. पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये याच नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर दरडीने दोन बस त्रिशूलीत लोटल्या. जून ते सप्टेंबर या काळात, तसेच कोणत्याही ऋतूत रात्री, ज्येष्ठांना घेऊन हा टप्पा करू नये.

विमानाने पुण्याहून दिल्ली सुमारे दोन तास आणि दिल्लीहून काठमांडू दोन तासांहून थोडे कमी. ताथवड्याहून लोहगावला पोहोचणे, विमानतळावरील प्रतीक्षा आणि दिल्लीतील बदल धरला तर दिवस सरतोच. तथापि सलग बसणे कमी होते, स्वच्छतागृह हाताशी असते आणि चाकाची खुर्ची मिळते. ही खुर्ची तिकीट काढतानाच मागावी. निदान ४८ तास आधी तरी कळवावे. दिल्लीत एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जावे लागणार नाही असे तिकीट पाहावे, नाहीतर एक रात्र दिल्लीत थांबावे.

पाणी, औषधे आणि न सांगितलेल्या तक्रारी

बसच्या प्रवासात अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, वाटेत सोय नसेल या भीतीने पाणी पिणे सोडतात. काही जण लघवीची गोळी त्या दिवसापुरती परस्पर बंद करतात. पाणी कमी पडले की चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. गोळी बंद केली की हृदयविकाराच्या रुग्णाला सूज आणि धाप लागू शकते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दर दोन तासांनी थांबणारी गाडी मिळत नसेल तर तो प्रवास वृद्धांसाठी नाही, असे समजावे.

औषधे विमानात हातातील पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन मोठ्या सामानात दिल्यास गोठण्याची भीती असते. गाडीच्या डिकीत ठेवल्यास उष्णतेने ते निकामी होते. औषधाच्या मूळ नावासह लिहिलेली चिठ्ठी जवळ असावी. भारतातील व्यापारी नाव दुसऱ्या देशातील दुकानदाराला ठाऊक असेलच असे नाही.

उंचीचा हिशेब

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तर काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर. ही उंची बहुतेकांना जाणवतही नाही. उलट, उडत्या विमानात हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका असतो. म्हणून ज्यांना दमा-सीओपीडीमुळे जमिनीवरच प्राणवायू कमी पडतो, त्यांनी विमानाआधी छातीच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. स्वतःचा सिलिंडर विमानात सहसा नेता येत नाही. प्राणवायूच्या छोट्या यंत्रासाठी विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते.

आणखी एक सूचना : दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो विरेपर्यंत विमानप्रवास करू नये. उंचीवर तो प्रसरण पावतो आणि दृष्टी जाऊ शकते. घाटरस्त्याने उंचावर जातानाही हाच धोका असतो.

मुक्तिनाथाची गोष्ट वेगळी आहे. तो ३,७०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. सुमारे ८०० मीटरवरील पोखराहून छोट्या विमानाने निघाल्यास अर्ध्या तासाच्या आत माणूस २,७०० मीटरवरच्या जोमसोमला पोहोचतो आणि त्याच दिवशी जीपने मंदिरापर्यंत जातो. शरीराला जुळवून घेण्यास वेळच मिळत नाही. येथे रस्त्याने हळूहळू चढणे आणि जोमसोम किंवा मार्फा येथे एक रात्र राहणे फुफ्फुसांना अधिक मानवते. पण तो रस्ता खडतर आहे आणि पाठीच्या मणक्यांना त्याचे हादरे सोसत नाहीत. हृदयविकार किंवा फुफ्फुसांचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याविना हा टप्पा धरू नये. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे, बसल्याजागी धाप ही लक्षणे दिसली तर दर्शन बाजूला ठेवून ताबडतोब खाली उतरावे.

मग ठरवावे कसे?

केवळ लुंबिनीला जायचे असेल तर गोरखपूरहून मोटार सोयीची. अंतर थोडे आणि वाट सपाट. काठमांडूला जायचे असेल आणि ज्येष्ठ व्यक्तीला एका वेळी तीन-चार तासांहून अधिक बसवत नसेल, तर दिल्लीमार्गे विमान बरे. रस्त्यानेच जायचे असल्यास चितवनजवळील भरतपूर येथे रात्रीचा मुक्काम करून घाट दुसऱ्या दिवशी उजेडात पार करावा. भरतपूरला मोठी रुग्णालयेही आहेत. नेपाळमध्ये रुग्णवाहिकेसाठी १०२ हा क्रमांक आहे.

कागदपत्रांत एक गमतीची अडचण असते. पासष्टीवरील भारतीयाला नेपाळसाठी आधार कार्ड चालते. सोबत जाणाऱ्या पन्नाशीच्या मुलाला किंवा सुनेला मात्र पारपत्र किंवा मतदार ओळखपत्रच लागते. आपल्या बहुतेक आरोग्य विम्यांत भारताबाहेरील उपचारांचा खर्च मिळत नाही, म्हणून प्रवासविमा वेगळा घ्यावा आणि जुने आजार त्यात लपवू नयेत. स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे जकातीचा परवाना घ्यावा आणि वाहनविम्याची व्याप्ती नेपाळपर्यंत वाढवून घ्यावी.

तरीही निर्णय होत नसेल, तर एक चाचणी करून पाहावी. ताथवड्याच्या दारातून जाणारा महामार्ग थेट कोल्हापूरला पोहोचतो. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर, म्हणजे सुनौली ते काठमांडूहून थोडे कमी आणि रस्ता पुष्कळ सोपा. सकाळी निघून अंबाबाईचे दर्शन घ्यावे आणि तेथेच मुक्काम करावा. रात्री पावलांवर सूज किती आहे, दुसऱ्या दिवशी कंबर साथ देते का, वाटेत पाणी पुरेसे प्यायले गेले का, हे पाहावे. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे दिसले, तर मात्र चाचणी तेथेच थांबवून डॉक्टर गाठावा.

‘मला चालेल’ हे वडीलधाऱ्यांचे उत्तर पुष्कळदा मुलांना त्रास नको म्हणून दिलेले असते. त्यांच्यावर निर्णय लादू नये, तसेच या एका शब्दावर विसंबूही नये. सलग किती वेळ बसवते, रात्री किती वेळा उठावे लागते, जिना चढताना कितव्या पायरीला दम लागतो, ही तीन उत्तरे त्यांच्याकडूनच घेऊन कागदावर लिहावीत आणि तिकीट काढण्याआधी तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवावा. पशुपतिनाथ करून मुक्तिनाथ राहिला, तरी यात्रा अपुरी राहत नाही. सर्व मंडळी सुखरूप घरी परतणे हाही यात्रेचाच भाग आहे.